अर्ध्या मिलीमीटरची रेघ

मायक्रोमीटर हातात घेतला की मला आकडा वाचावा लागत नाही, तो दिसतो. जॉब एन्व्हिल आणि स्पिंडलच्या मध्ये धरला, रॅचेट तीनदा कटकटलं, नजर गेली की 7.78. मधे काही घडतं असं जाणवतसुद्धा नाही. नव्या मुलाच्या हातात तोच मायक्रोमीटर आणि तोच जॉब दिला की तो उजेडाकडे धरतो, तिरका करतो, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजतो आणि म्हणतो, "सर, 7.28."

अर्धा मिलीमीटर कमी. टूलरूममध्ये अर्धा मिलीमीटर म्हणजे जॉब थेट भंगारात. आणि गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा इथेच चुकतो आणि चुकला की नेमका अर्ध्यानेच चुकतो.

कारण साधं आहे. मायक्रोमीटरच्या आतला स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलीमीटर सरकतो. थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, 50 भाग असतात, एकेक भाग 0.01 मिलीमीटरचा. म्हणजे पूर्ण एक मिलीमीटर सरकायला थिंबलला दोन फेरे घ्यावे लागतात, आणि 28 हा आकडा दोन्ही फेऱ्यांत येतो. आपण पहिल्या फेऱ्यात आहोत की दुसऱ्या, हे कळावं म्हणून स्लीव्हवरच्या, म्हणजे स्थिर नळीवरच्या, आडव्या रेषेच्या दुसऱ्या अंगाला बारीकशी एक रेघ कोरलेली असते. ती उघडी पडली असेल तर अर्धा मिलीमीटर मिळवायचा, नसेल तर नाही. त्यातही एक मेख आहे. थिंबल 47-48च्या आसपास असताना ती रेघ अर्धवट डोकावते आणि आली आली असं वाटतं, पण ती अजून आलेली नसते. जुना माणूस अशा वेळी थिंबलकडे बघून ठरवतो. नवा रेघेवर विश्वास ठेवतो आणि फसतो.

हे सगळं आत्ता लिहिताना मी शब्दांत मांडलं. मुलांना मात्र वर्षानुवर्षं काय सांगत आलो? "आधी स्लीव्ह वाच, मग थिंबल वाच, दोन्हीची बेरीज कर." या वाक्यात चूक काही नाही. परीक्षेत लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील. फक्त त्यात ती रेघ नाही. मी ती मुद्दाम गाळली नव्हती. मला ती वेगळी अशी दिसायचीच बंद झाली होती.

माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये गेली. राहायला डोंबिवली, कामाला ठाणे, हे आमच्या पिढीतल्या हजारो कुटुंबांचं गणित. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आम्ही तिथे लागलो तेव्हा गल्लीगल्लीतून लेथचा आणि प्रेसचा आवाज यायचा. आता त्याच जागी काचेच्या इमारती आहेत आणि आवाज एसीचा येतो. निवृत्तीनंतर कल्याणकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात मुलांना शिकवायला जाऊ लागलो. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात असतानाही अप्रेंटिस मुलं हाताखाली असायचीच. पण तिथे शिकवणं हे कामाच्या फटीतून व्हायचं. इथे तेच काम. मग स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू येऊ लागलं.

एकदा लेथवर कट देऊन दाखवत होतो. मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही आत्ता हॅंडल उलटं का फिरवलंत?" मी म्हणालो, "उलटं कुठे फिरवलं?" तो म्हणाला, "फिरवलंत ना, अर्धा फेरा मागे, मग परत पुढे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे फिरवलं असणार. आणि फिरवायलाच हवं होतं. क्रॉस स्लाइडचा स्क्रू आणि नट यांच्यात थोडा खेळ असतो. टूल चुकून दोन भाग जास्त आत गेलं तर हॅंडल तेवढंच दोन भाग मागे घेऊन भागत नाही. हॅंडल मागे येतं, टूल जागचं हलत नाही. म्हणून चांगलं अर्धा फेरा मागे जायचं आणि पुढे येत येत नेमक्या आकड्यावर थांबायचं. हे माझ्या मनगटाला ठाऊक होतं. मला विचारलं असतं, तर कट देण्याच्या पायऱ्या सांगताना ही पायरी मी सांगितली नसती.

अशा विसरण्याला शास्त्राचा आधारही आहे. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. चालू डावाचा पट जेमतेम पाच सेकंद दाखवायचा आणि मग सोंगट्या आठवून मांडायला सांगायचं. पट्टीचा खेळाडू बऱ्याचशा सोंगट्या जागच्या जागी ठेवायचा, नवशिक्याला चार-पाच जमायच्या. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या. आता दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे पट्टीच्या खेळाडूची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याला एकेक सोंगटी दिसतच नव्हती, काही सोंगट्यांची मिळून एक आकृती दिसत होती. जाणकाराचं सामर्थ्य याच्यात आहे, आणि अडचणही याच्यातच. नवशिक्या एकेका सोंगटीबद्दल विचारतो. जाणकाराकडे ती सुटी नसते.

डोंबिवलीकरांना हे समजायला बुद्धिबळाची गरज नाही, फलाटावर उभं राहिलं की पुरे. सकाळच्या गर्दीत कुणी नवखा विचारतो, "ही विक्रोळीला थांबते का?" आपण म्हणतो, "फास्ट आहे." आपल्या मते आपण पूर्ण उत्तर दिलेलं असतं. तो बिचारा अजूनही विचारतच असतो, थांबते की नाही थांबते. संध्याकाळी ठाण्याला बघा. टिटवाळ्याच्या गणपतीला निघालेलं एखादं कुटुंब इंडिकेटरकडे बघत उभं असतं. कुणीतरी भलेपणाने सांगतं, "कसारा धरा, कर्जत नको." सल्ला शंभर टक्के बरोबर. पण कल्याणनंतर रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक ईशान्येला कसाऱ्याकडे, एक आग्नेयेला कर्जतकडे, आणि टिटवाळा पहिल्या फाट्यावर आहे, हे कुणी सांगत नाही. तेवढं सांगितलं तर ते कुटुंब टिटवाळाच काय, आसनगाव आणि बदलापूरही स्वतःचं स्वतः शोधील. इंडिकेटरवर कर्जतसाठी 'एस' आणि कसाऱ्यासाठी 'एन' का येतं, याचा उलगडाही त्याच फाट्यात आहे, दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांत. रोज जाणाऱ्यांतल्या अनेकांनी तो विचार कधी केलेला नसतो. गाडी बरोबर पकडता येते ना, मग झालं.

इथवर लिहून थांबलो असतो तर मन शांत राहिलं असतं. विसर पडतो, मेंदूची रचनाच तशी, आपला काय दोष? पण या निष्कर्षाने फार लवकर समाधान झालं, म्हणून मला त्याचा संशय आला.

संशयाला कारण आहे चक की. लेथच्या चकमध्ये जॉब आवळायची ती चावी. जॉब आवळल्यावर चावी तशीच चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू केलं, तर ती गोळीसारखी सुटते. समोरच्याचं डोकं फुटू शकतं. ही गोष्ट मला कुठल्याही मुलाला समजावता आली नाही असं कधी झालेलं नाही. पहिल्या दिवशी, मशीनला हात लावायच्या आधी, चावी चकमध्ये घालून दाखवतो, काढून दाखवतो, त्यांच्याकडून काढून घेतो. "हात चावीवरून सुटायच्या आधी चावी चकमधून सुटली पाहिजे," हे त्यांच्याकडून म्हणून घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. आठवड्याने नकळत मागे उभा राहून बघतो. "हळूहळू कळेल", "हात बसला की येईल" असलं काहीही मी चक कीबद्दल म्हणत नाही.

चक की मलाही अंगवळणी पडलेली आहे. ती काढताना माझं लक्षसुद्धा नसतं. मग ती पायरी सांगायला मी का विसरत नाही? कारण अपघात झाला तर जाब मला द्यावा लागतो. कारखान्यात फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर उभं राहायची वेळ माझ्यावर यायची. जिथे न सांगितल्याची किंमत मला मोजावी लागते, तिथे मला नीट सांगता येतं. पायऱ्या आठवतात, शब्द सापडतात, धीरही येतो. जिथे किंमत त्या मुलाने मोजायची असते, जॉब भंगारात, स्टायपेंड कापला जाण्याची भीती, चारचौघांत शोभा, तिथे माझं ज्ञान एकाएकी शब्दांपलीकडचं होतं.

म्हणजे प्रश्न सांगता येण्या-न येण्याचा नव्हता.

हे एकदा मान्य केलं की बाकीचं बघावं लागतं. सगळ्यात आधी "समजलं ना?" हा प्रश्न. शिकवणाऱ्याच्या तोंडी दिवसातून कितीदा येतो त्याची गणती नाही. यातल्या 'ना'ने उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं. मुलगा मान हलवतो. ती मान मला ओळखता येते. समजल्याची मान आणि सुटका करून घेण्याची मान यांत फरक असतो, डोळे वेगळे असतात. समजलेला मुलगा मशीनकडे बघतो, न समजलेला माझ्याकडे. हे ओळखूनही मी पुढे जातो. का? कारण तो प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच. माझी जबाबदारी संपल्याची पावती मला हवी होती आणि त्याच्या मानेने ती फाडून दिली. समजलंय का हे खरंच बघायचं असतं, तर "आता तू मोजून दाखव" असं म्हणता आलं असतं. त्याला वेळ लागतो. शिवाय त्यात माझं शिकवणं फसल्याचं दिसण्याचा धोका असतो.

मग अभिमान. मान्य करायला जड जातं, पण न समजलेल्या चेहऱ्यासमोर उभं राहण्यात एक सुख आहे. "टूल सेंटरला नाहीये, फेस बघ," असं मी लांबूनच म्हणतो आणि पोरं अचंब्याने बघतात. फेसिंग केल्यावर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट केल्यावर, मधोमध बारकंसं बोंड उरलं, की टूलची उंची चुकलेली आहे, एवढंच त्यामागचं गुपित. दोन मिनिटांत सांगता येईल. सांगितलं की अचंबा संपतो. आणखी आत डोकावलं तर तिथे भीतीही आहे. जे कमवायला मला उमेदीची वर्षं लागली, ते एखाद्या मुलाला तासाभरात कळलं, तर त्या वर्षांचं मोल काय उरलं?

माझ्या आधीच्या उस्ताद मंडळींकडे लपवण्याला निदान सबळ कारण होतं. सेटिंग करायची वेळ आली की पोराला चहा आणायला पिटाळायचं, डायलवर तळहात ठेवून आकडा झाकायचा, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना तेव्हा मनातून शिव्या घातल्या. पण कंपन्यांना टाळी लागू लागली तेव्हा ज्यांच्या हातात काही खास होतं, तेच दुसऱ्या शेडमध्ये टिकले. हातातली कला हीच त्यांची फंडाची रक्कम होती, ती ते वाटत कसे सुटणार? त्यांना मी आता माफ करू शकतो. मला मात्र चहा आणायला पाठवण्याची गरज नव्हती. माझी नोकरी कुणी शिकाऊ पोर घेणार नव्हतं. मी डायल झाकला नाही, फक्त भरभर बोललो. परिणाम तोच.

आणि राग. नवशिक्याच्या प्रश्नाचा मला राग का येतो, हे मी बराच काळ तपासलं नव्हतं. एका मुलाने विचारलं, "सर, ड्रिलचं टोक 118 अंशांचंच का घासायचं?" मी म्हणालो, "पहिल्यापासून तसंच आहे." तो म्हणाला, "पण का?" मी त्याला कामाला लावलं. खरं हे की मला ठाऊक नव्हतं. पुढे वाचून कळलं, 118 ही मवाळ पोलादासाठी आणि सर्वसाधारण कामासाठी जमून गेलेली तडजोड आहे. कठीण पोलादाला 135 अंशांचं बोथट टोक अधिक मानवतं. नवशिक्याचा प्रश्न नेमका माझ्या ज्ञानाच्या तळाशी जाऊन पोचतो, जिथे मीही ऐकीव गोष्टींवर उभा असतो. तिथे पाय हलले की माणूस ओरडतो. ओरडण्याला आम्ही शिस्त म्हणतो.

या ओरडण्याचं, मारण्याचं समर्थन करायला आमच्याकडे एक मोठं उदाहरण आहे, आणि तेही कल्याणचंच. कल्याणच्या जोशींच्या घरातली यमुना, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई. पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांशी लहानपणीच लग्न झालं आणि त्यांनी तिला हट्टाने शिकवलं. 1886 साली ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, गेली. गोपाळराव शिकवताना तिला मारत. मोठेपणी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्या मारहाणीची त्यांना आठवण करून दिली आहे. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना सूर असा लागतो की पाहा, मारलं म्हणून घडली. मी स्वतः हा सूर लावलेला आहे. पण मारलं म्हणून ती शिकली, याला पुरावा काय? ती विलक्षण होती आणि मार खाऊनही शिकली, हाही अर्थ तितकाच बसतो, आणि तिने त्या आठवणी ज्या वेदनेने मनात जपून ठेवल्या त्यावरून तर हाच अधिक बसतो. मार खाऊन पुस्तक कायमचं मिटलेल्या मुलींची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत. आयटीआय अर्धवट सोडून रिक्षा चालवू लागलेल्या मुलांचीही नाहीत.

त्या मायक्रोमीटरकडे परत येतो, कारण त्याची गाठ मी सोडवली नाही, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सोडवली. पहिल्या वर्षाच्या पोराला तो कोपऱ्यात घेऊन बसला होता आणि मी पाठमोरा, कानसींची पेटी लावत होतो. तो म्हणत होता, "वरच्या रेघा म्हणजे रुपये. थिंबलवर पैसे. आणि खालची ती चोरटी रेघ आहे ना, ती म्हणजे आठ आणे. सगळ्यात आधी आठ आणे खिशात पडलेत का ते बघ, मग बाकीचं मोज. सात रुपये, आठ आणे, वर 28 पैसे. किती?" पोरगं म्हणालं, "सात-अठ्ठ्याहत्तर." आठ आण्याचं नाणं या दोघांनी कधी खर्च केलं असेल की नाही शंकाच आहे, पण हिशोब चोख होता.

मला उपमेपेक्षा क्रमाचं नवल वाटलं. मी स्लीव्ह, थिंबल, बेरीज असा मायक्रोमीटरच्या रचनेच्या क्रमाने जात होतो. तो चुकांच्या क्रमाने गेला, म्हणजे जिथे माणूस चुकतो तिथून त्याने सुरुवात केली. ती जागा त्याला ठाऊक होती, कारण वर्षभरापूर्वी तो स्वतः तिथे आपटला होता आणि खरचटलेलं अजून पुरतं भरलं नव्हतं.

याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही रसायनशास्त्रावर व्याख्यानं द्यायचे. बोलणं असं की लोक गर्दी करायचे. ऐकणाऱ्यांत जेन मार्सेट नावाच्या एक बाई होत्या. व्याख्यान त्यांना धड समजेना. मग त्यांनी एका जाणत्या स्नेह्याशी बोलून, प्रयोग करून पाहून ते समजून घेतलं, आणि आपल्यासारख्यांसाठी पुस्तक लिहिलं. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संभाषणाचं. मुली विचारतात, अडतात, चुकीचं बोलतात, शिक्षिका सांगते. लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या एका मुलाच्या हातात ते बांधणीसाठी आलं आणि त्याने ते वाचून काढलं. त्या मुलाचं नाव मायकेल फॅरडे. पुढे डेव्हींचा मदतनीस झाला, डेव्हींपेक्षाही मोठा झाला, पण रसायनशास्त्राची गोडी मार्सेटबाईंच्या पुस्तकाने लावली हे ऋण त्याने आयुष्यभर मानलं. लहान मुलांसमोर व्याख्यानं द्यायची वेळ आली तेव्हा त्याने विषय घेतला मेणबत्तीचा.

आपल्याकडेही हे पुस्तक फार लवकर आलं. 1830च्या दशकात मुंबईत हरि केशवजी यांनी मार्सेटबाईंच्या संवादांचं मराठी केलं. मराठी गद्य तेव्हा स्वतःच उमेदवारी करत होतं, 1832 सालचं बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' नुकतंच निघालेलं. रसायनशास्त्र मराठीत आणायचं तर पंडिताचा ग्रंथ उचलता आला असता. उचललं गेलं ते एका न समजलेल्या बाईने समजून घेऊन लिहिलेलं पुस्तक.

पण म्हणून जाणकाराने घरी बसावं आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांवर वर्ग सोडावा, असंही मी म्हणणार नाही. तोच मुलगा त्याच वेळी रॅचेट न वापरता थिंबल आवळून मोजत होता. हिशोब बरोबर आणि माप चुकलेलं. जवळच्या वाटसरूला पुढची वाट ठाऊक नसते. शिवाय सोपं करून सांगण्यात वेगळा धोका असतो. "कीस निळा झाला की स्पीड जास्त झाला" हा सुटसुटीत नियम मी वर्षानुवर्षं सांगितला, कीस म्हणजे कापून निघणारा धातू. एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या टूलसाठी तो बरोबर आहे. कार्बाइडचं टूल लावलं की उलट होतं. तिथे निळा कीस म्हणजे उष्णता किसाबरोबर निघून जाते आहे, काम नीट चाललं आहे. सोपा नियम घोकलेला मुलगा पुढे सीएनसीवर गेला की उगाच स्पीड पाडून बसतो. अर्धवट सत्य लवकर समजतं आणि उशिरा सुटतं. जाणकाराची गरज असते ती अशा जागी.

आणि काही गोष्टी खरोखरच सांगून येत नाहीत. ड्रिल हाताने ग्राइंडरवर घासणं ही त्यातली. दोन्ही ओठ सारखे, मागचा उतार बरोबर, हे किती शब्दांत सांगा, मनगटाने शंभर ड्रिलं वाया घालवल्याशिवाय ते येत नाही. "हात बसावा लागतो" हे वाक्य तिथे शंभर नंबरी खरं आहे. माझा गुन्हा एवढाच की मी ते सगळीकडे वापरलं. अर्ध्या मिलीमीटरच्या रेघेला हात बसावा लागत नाही. बोंड का उरतं याला लागत नाही. हॅंडल अर्धा फेरा मागे का न्यायचं यालाही लागत नाही. जे न सांगता येण्यासारखं आहे ते थोडं आहे. त्याच्या आडोशाला मी न सांगितलेलं बरंच काही लपवलं.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात माझ्यासारखे निवृत्त टर्नर, फिटर, टूलमेकर सोसायटीसोसायटीत आहेत. सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात, आणि आजकालच्या पोरांना काही येत नाही असं बाकावर बसून म्हणतात. त्यांना माझी विनंती आहे. जवळच्या आयटीआयमध्ये किंवा एखाद्या शेडमध्ये आठवड्यातून एक सकाळ जा. पहिले काही दिवस शिकवू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पहिल्या वर्षाच्या मुलासमोर बसवा आणि तुम्ही मागे उभे राहून ऐका. तो चुकला तर तिथल्या तिथे टोकू नका, मागाहून एकट्याला गाठून सांगा. मग तुमची पाळी आली की हातातलं माप मुलाच्या हातात द्या आणि त्याला मोठ्याने मोजायला सांगा. तो बोलत असताना तुम्ही बोलू नका. आणि जाताना "समजलं ना?" विचारू नका.